खरखर कुणाची?

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या क्लब हाउसमध्ये दर महिन्याला सभासदांची भाषणे झाली. त्यांपैकी एका भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, “ॲनालॉग रिसीव्हर आणि डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग.” ते म्हणाले, “काका, असं नाव दिलंत तर तुम्ही आणि मी दोघंच बसू.” म्हणून नाव बदललं, विषय तोच आहे. नावात एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर शेवटाकडे येईल, आणि ते देताना मला कमिटीची आणि आपल्या लिफ्टची जाहीर माफी मागायची आहे. तेव्हा चहा झाला तरी उठू नका.

गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत एक तार गेलेली तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात पतंग अडकलेत, एकदा तिच्यावर कुणाची तरी चादरही वाळत होती. ती तार माझी. लांबी वीस मीटर, कारण ४० मीटरच्या लहरींसाठी अँटेना त्याच्या निम्म्या लांबीची लागते. मी हॅम आहे, म्हणजे शौकिया रेडिओवाला. सरकारी परीक्षा देऊन दळणवळण मंत्रालयाकडून परवाना मिळतो आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारं एक नाव मिळतं, त्याला कॉल साइन म्हणतात. मला ते १९८१ साली मिळालं. त्या नावाने जगभर कुणाशीही बोलता येतं. मध्ये ना टॉवर, ना केबल, ना कंपनी. दोन तारा आणि वरचं आकाश, बस्स.

“मोबाईल असताना हे कशाला?” हा प्रश्न मला लिफ्टमध्ये वर्षातून दहा वेळा विचारला जातो. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद नावाच्या बाई काही हॅम मंडळींबरोबर पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून जगाशी संपर्क करायचा, एवढाच बेत होता. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि त्यांचा हौसेचा रेडिओ निरोप पोचवण्याचं साधन झाला. हौस म्हणून रोज केलेली गोष्ट अशी एखाद्या दिवशी उपयोगी पडते. आणि एखाद्या दिवशी उपयोगी पडतही नाही. माझी गोष्ट त्या दुसऱ्या प्रकारची आहे.

चिपळूणजवळच्या एका गावात माझे एक मित्र राहतात. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, निवृत्त शिक्षक. रोज सकाळी सव्वासातला ७ मेगाहर्ट्झवर आम्ही भेटायचो. पाऊस किती, आंब्याला मोहोर आला का, गुडघे काय म्हणतात, एवढंच बोलणं. हवेतून सरळ अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण मध्ये सह्याद्री उभा. मग आवाज जायचा कसा? सरळ वर जायचा. दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर आयनांबराचा थर आहे, तिथे वळून तो खाली यायचा, उंच उडवलेला चेंडू शेजारच्या अंगणात पडावा तसा.

त्यांचा संच घरी जुळवलेला होता. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाची एक रचना केली. आपल्याकडच्या बाजारात मिळेल त्यातून संच व्हावा म्हणून त्यात कॉइल गुंडाळायला नळाचे नायलॉनचे वॉशर वापरले होते! गुरुजींनी ती रचना आमच्या पट्ट्यासाठी बदलून घेतली होती. ताकद सहा वॅटच्या आसपास. आपल्या जिन्यातला बल्ब नऊ वॅटचा आहे, म्हणजे बघा. एवढ्याशा ताकदीचा आवाज ओळखायचा, तर ऐकणाऱ्याचा रिसीव्हर चांगला हवा आणि आजूबाजूला शांतता हवी. माझ्याकडे पहिली गोष्ट होती.

माझा रिसीव्हर मी १९८४ साली स्वतः केला. गँग आणि कॉइल पासोड्या विठोबापाशी घेतले, फिल्टर लॅमिंग्टन रोडवरून, एका मोडीत निघालेल्या लष्करी संचातला. तो काम कसा करतो ते सांगतो, कारण पुढचं भांडण त्यावरच आहे.

अँटेनाला एका वेळी हजारो लहरी येऊन लागतात. आकाशवाणी येते, विमानं येतात, चिनी प्रसारण येतं, गुरुजी येतात. त्यातले गुरुजी तेवढे वेगळे काढायचे. बायका धान्य चाळतात तसंच हे आहे. फक्त अडचण अशी, की प्रत्येक स्टेशनसाठी वेगळ्या भोकांची चाळण आणायची कुठून? १९१८ मध्ये एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनियरने तोडगा काढला. चाळण एकच ठेवायची आणि जे धान्य हवं ते आधी तिच्या मापाचं करून घ्यायचं. रिसीव्हरमध्येच एक छोटी लहर तयार करतात, आलेली लहर तिच्यात मिसळतात, आणि दोघींतला फरक नेहमी एकच येईल असं बघतात. माझ्या संचात तो ४५५ किलोहर्ट्झ आहे. तुमच्या घरी जो जुना ट्रान्झिस्टर असेल त्यातही बहुधा हाच आकडा आहे. तुम्ही बटण फिरवता तेव्हा चाळण हलत नाही, धान्य बदलतं. यालाच सुपरहेटरोडाइन म्हणतात, आणि शंभर वर्षं जगाने याच्यावरच रेडिओ ऐकला.

माझी चाळण २४०० हर्ट्झ रुंदीची. माणसाचं बोलणं कळायला तेवढी पुरते. त्यापलीकडचं सगळं ती अडवते. पण जी खरखर नेमकी त्या २४०० हर्ट्झच्या आत येते, तिला ती आत सोडते. चाळण मापाने निवडते, गुणाने नाही. गव्हाएवढाच खडा असेल तर तो गव्हाबरोबर खाली येणारच. ॲनालॉग रिसीव्हरची मर्यादा म्हणाल तर ही.

आता आपल्या इमारतीकडे येऊ. आज पंचवीस वर्षांच्या आठवणी निघतायत. पहिली गणपतीची आरती, पाण्याच्या टँकरची भांडणं, सगळं निघालं. माझ्याकडे या इमारतीची एक वेगळी हकिकत आहे, ती माझ्या रिसीव्हरने ऐकलेली. आपण राहायला आलो तेव्हा घरोघरी पिवळे बल्ब आणि चोकच्या ट्यूबलाइट. शांतता होती. त्रास एकच, टीव्हीचा. जुन्या डब्यासारख्या टीव्हीत चित्राच्या रेघा सेकंदाला १५,६२५ वेळा ओढल्या जायच्या, आणि त्या आकड्याच्या पटीत माझ्याकडे जागोजागी शिट्ट्या वाजायच्या. रात्री साडेआठच्या मालिका सुरू झाल्या की शिट्ट्यांची गर्दी. कोणती मालिका रंगात आली आहे हे मी टीव्ही न बघता सांगू शकलो असतो. मग सीएफएल आले. मग राउटर, चार्जर, एलईडी, इन्व्हर्टर. चपटे टीव्ही आले तेव्हा शिट्ट्या गेल्या, पण सगळीकडे एकसारखी घरघर भरून राहिली.

असं का होतं? हल्लीच्या जवळजवळ प्रत्येक उपकरणात एक छोटा अडॅप्टर असतो. तो वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून कमी करतो. काम उत्तम करतो, वीज वाचवतो. पण प्रत्येक चालू-बंदला एक टिचकी बसते, आणि घरातली वायर त्या टिचक्यांची अँटेना होते. चांगल्या अडॅप्टरमध्ये त्या अडवायला कॉइल आणि कपॅसिटर घालतात. स्वस्तातल्यांत त्यांची जागा छापलेली असते, पण भाग घातलेलेच नसतात. मी उघडून बघितलेत.

रिसीव्हरवर सिग्नल मोजायचा एक काटा असतो. त्याची प्रत्येक पायरी ६ डेसिबलची, म्हणजे चौपट ताकदीची. सुरुवातीला खरखर तिसऱ्या पायरीवर होती. २०२० च्या अखेरीस ती आठव्या पायरीवर पोचली. गुरुजींचा आवाज पाचव्या-सहाव्या पायरीवर. म्हणजे ते बोलत होते आणि मी खरखर ऐकत होतो. हळूहळू आमची सकाळची भेट बंदच पडली. फोनवर बोलायचो, पण फोनवर काय, लोक कामापुरतं बोलतात.

२२ जुलै २०२१. चिपळूणचा पूर तुम्हाला आठवत असेल. वीज गेली, मोबाईल गेले. मी सकाळपासून रिसीव्हरसमोर बसलो. गुरुजी माणूस असा, की बॅटरी चार्ज असणार आणि ते बोलत असणार, याची मला खात्री होती. दिवसभर बसलो, दुसऱ्या दिवशीही बसलो. एकदा वाटलं, त्यांचाच आवाज आहे. एक शब्द कळला नाही.

नंतर समजलं. ते दोन्ही दिवस दर तासाला माझ्या कॉल साइनने हाक मारत होते. निरोप एका ओळीचा होता. त्यांची मुलगी इथे पुण्यात, माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर राहते, तिला सांगायचं होतं की आम्ही माळ्यावर सुखरूप आहोत. शेवटी बेळगावकडच्या एका हॅमने त्यांना ऐकलं आणि तिला फोन केला. दीड दिवस उशिरा. मला निरोप ऐकू आला असता तर मी चालत जाऊन सांगितलं असतं.

गुरुजी काही बोलले नाहीत. पण मला ते लागलं. आणि माणसाला लागलं की तो दोष द्यायला कुणीतरी शोधतो. मला लिफ्ट सापडली. तिची मोटर त्याआधीच नवी बसवली होती, ती चालली की काटा हलायचा हे मी पाहिलं होतं. जिन्यातले बल्बही बदलले होते. मी कमिटीला दोन पत्रं लिहिली. पुढच्या वार्षिक सभेत मी जे बोललो ते काहींच्या लक्षात असेल. “तुमच्या लिफ्टमुळे एखाद्याचा जीव जाईल,” असं मी म्हणालो. तेव्हाचे खजिनदार शांतपणे म्हणाले, “काका, मोजून दाखवा, आम्ही बदलू.” मला ते उद्धट वाटलं. खरं तर सभेतलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

पुढच्या दिवाळीत नात आली. ती तेव्हा इंजिनियरिंगला होती. तिने पेनड्राइव्हएवढी एक वस्तू आणली आणि लॅपटॉपला लावली. “आजोबा, हा रिसीव्हर.” मी हसलो. ना गँग, ना कॉइल, ना बटण. ही वस्तू मुळात संगणकावर डिजिटल टीव्ही बघायला केलेली. पण तिच्यातून कच्चा सिग्नल जसाच्या तसा काढून घेता येतो, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींमध्ये पसरलं आणि जगभर लोकांनी तिचा रेडिओ केला.

याचं काम कसं चालतं? आलेली लहर चाळायची नाही, मोजायची. सेकंदाला कोट्यवधी वेळा तिची उंची मोजायची आणि आकडे लिहून काढायचे. एकदा लहर आकड्यांत आली की पुढचं सगळं गणित. चाळणसुद्धा गणिताचीच. ती हवी तेवढी अरुंद करा, हवी तिथे सरकवा, एका वेळी दहा लावा, खर्च शून्य. माझ्या लष्करी फिल्टरला मी अर्धा पगार घातला होता.

यात दोन अटी असतात. पहिली, लहर जेवढ्या वेगाने हलते त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने मोजायला हवं. नाही तर सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तशी भलतीच लहर दिसते. दुसरी, मोजपट्टी बारीक हवी. त्या छोट्या वस्तूची मोजपट्टी ८ बिटांची, म्हणजे २५६ रेघा. हल्लीच्या चांगल्या डिजिटल हॅम संचात ती १४ किंवा १६ बिटांची असते, म्हणजे १६,३८४ किंवा ६५,५३६ रेघा. एकेका बिटाने साधारण ६ डेसिबल वाढतात, म्हणजे माझ्या काट्याची एक पायरी.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. ७ मेगाहर्ट्झवर मागे बारीक आवाजात मराठी बातम्या ऐकू यायला लागल्या. आपल्या पुणे आकाशवाणीची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झवर, ती इथे कशी? तर ते केंद्र जवळचं आणि जोरदार. २५६ रेघांची पट्टी त्याच्यानेच भरून गेली, पातेलं ओसंडलं, आणि ओसंडलेलं सगळीकडे पसरलं. एकदा ओसंडलं की पुढे कितीही हुशार गणित करा, उपयोग नाही. माझा जुना संच यातून सुटतो, कारण त्याच्या दारातच कॉइल आणि गँग बसलेत, ते आकाशवाणीला आत येऊच देत नाहीत. मग मी कपाटातून कॉइल काढल्या, कपॅसिटर काढले, सात भागांचा एक फिल्टर जुळवला आणि अँटेना व त्या वस्तूच्या मध्ये लावला. बातम्या गेल्या. नात म्हणाली, “आजोबा, महागड्या डिजिटल संचातही पुढे असेच फिल्टर असतात.” मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण मग तिने जे दाखवलं त्याने मी गप्प झालो. पडद्यावर एक चित्र वरून खाली सरकत होतं, धबधब्यासारखं. आडवी दिशा म्हणजे लहरींचा आकडा, उभी दिशा म्हणजे वेळ. माझ्या संचात मला एका वेळी २४०० हर्ट्झ ऐकू येतात. इथे २४ लाख हर्ट्झ एकदम डोळ्यांसमोर होते. आणि ज्याला मी इतकी वर्षं एकसारखी घरघर समजत होतो, ती एकसारखी नव्हतीच. साधारण साठ किलोहर्ट्झच्या अंतराने उभ्या जाडसर रेघा होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या. थोड्या हलायच्या, सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे. म्हणजे एकच उपकरण, तापलं की किंचित बदलणारं. माझा कान इतकी वर्षं “खरखर आहे” एवढंच सांगत होता. ती किती जणांची आहे, कधी येते आणि कधी जाते, हे कानाला लक्षात ठेवता येत नव्हतं.

लिफ्टही दिसली. ती चालली की पंधरा-वीस सेकंद एक पुसट पट्टा यायचा, थांबली की जायचा. जिन्यातले बल्ब संध्याकाळी लागायचे तेव्हा चित्रात काही बदल होत नव्हता. तो मोठा कंगवा मात्र चोवीस तास.

नातीने लॅपटॉप तीन दिवस चालू ठेवला आणि चित्र साठवलं. चौथ्या दिवशी आम्ही ते ओळीने बघितलं. तिन्ही दिवशी कंगव्यात एक खिंड होती. संध्याकाळी सातच्या सुमारास, दहा-बारा मिनिटांची. तेवढा वेळ सगळं स्वच्छ, मग पुन्हा रेघा.

सात वाजता रोज दहा मिनिटं काय बंद होतं? आम्ही दोघं बी विंगमधली घरं मोजत बसलो. हे ऑफिसातून येतात, ते फिरायला जातात. तेवढ्यात आमच्या सौ. आतून म्हणाल्या, “अहो, दिवाबत्तीची वेळ झाली, हात पाय धुऊन या.” आणि त्यांनी देव्हाऱ्यातली एलईडीची माळ बंद केली. दिवाबत्तीला समई लावायची, तेवढा वेळ विजेचे दिवे नकोत, हा त्यांचा नेम. पडद्यावरचा कंगवा आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

मंडळी, ती माळ मीच आणली होती. लॉकडाउनमध्ये, ऑनलाइन, स्वस्त मिळाली म्हणून. अडॅप्टरसकट.

तरी माझा विश्वास बसेना. चित्रावर कसा ठेवायचा? मी खिशातला जुना ट्रान्झिस्टर काढला, दोन सेलवाला, आणि दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावला. त्याच्या आत फेराइटची कांडी असते. ती एका दिशेने जास्त ऐकते, टोकाकडून कमी. तो हातात धरून घरभर फिरलो. दिवाणखान्यात खरखर, स्वयंपाकघरात जास्त, देव्हाऱ्यापाशी तर कान बधिर. माळेचा प्लग काढला, गप्प. लावला, सुरू. डिजिटलने गुन्हेगाराची वेळ सांगितली आणि ॲनालॉगने घर दाखवलं. घर माझंच निघालं.

काटा आठव्या पायरीवरून चौथ्यावर आला. चार पायऱ्या म्हणजे ताकदीत अडीचशे पटींहून जास्त फरक. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला गुरुजींना फोन केला, संच लावा म्हटलं. त्यांचा आवाज माझ्या चाळीस वर्षांच्या जुन्या संचावर शब्दन् शब्द कळला. पहिलं वाक्य होतं, “काय हो, जिवंत आहात का?” मी त्यांना माळेची हकिकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मला वाटलं पुन्हा आवाज गेला. मग कळलं, ते हसत होते.

आता मूळ प्रश्न. जुनं चांगलं की नवं? माझे अनुभव सांगतो, निवाडा तुम्ही करा.

नव्या संचात खरखर कमी करायची सोय असते. तिच्यामागचं गणित नवं नाही, विड्रो आणि हॉफ या दोघांनी १९६० मध्ये मांडलेलं आहे. बोलण्याला एक लय असते. आत्ताच्या क्षणावरून पुढच्या क्षणाचा थोडा अंदाज येतो. खरखरीचा येत नाही. जे अंदाजात बसतं ते ठेवायचं, बसत नाही ते दाबायचं. मी मघाशी म्हटलं ना, चाळण गुण बघत नाही? हे गणित गुण बघतं. माझ्या वयात तासभर ऐकायचं तर याने कान थकत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. शिट्टी काढून टाकायची एक सोय असते. सतत वाजणारी शिट्टी म्हणजे सगळ्यात सोपा अंदाज, ती ताबडतोब उडते. एकदा मी ती चालू ठेवून मोर्स ऐकायला गेलो. पट्टा अगदी रिकामा. अर्धा तास वाटलं, आज कुणी नाही. मग लक्षात आलं, मोर्स म्हणजे शिट्टीच! यंत्र इमाने-इतबारे एकेका माणसाला पुसत होतं. क्षीण आवाजाचंही तसंच. आवाज खरखरीच्या फार खाली गेला की गणित त्यालाही खरखर समजतं आणि सुंदर शांतता ऐकवतं. जुन्या संचात निदान खरखर ऐकू येते आणि माणूस म्हणतो, काहीतरी असेल, अजून थोडं ऐकू. शांततेत माणूस उठून जातो. म्हणून आता कुणी संकटात असेल अशी शंका आली, तर मी पहिल्यांदा सगळ्या सोयी बंद करतो, मग एकेक लावून बघतो.

आणखी एक. आमच्यात हल्ली ‘एफटी ८’ नावाची पद्धत फार चालते. २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांनी ती केली. टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेलवाले. दूरच्या ताऱ्यांचे क्षीण ठोके ऐकण्यात आयुष्य घालवलेला माणूस. १५ सेकंदांच्या पाळ्यांत दोन संगणक एकमेकांना अगदी छोटा मजकूर पाठवतात, आणि कानाला काहीही ऐकू येत नसताना तो पोचतो. हे कुठल्याही ॲनालॉग रिसीव्हरला आणि कुठल्याही कानाला जमणार नाही. पुराच्या दिवशी गुरुजींकडे तसं काही असतं, तर “सुखरूप” हा एक शब्द माझ्या माळेच्या खरखरीतूनही कदाचित आला असता. मी हे मनापासून कबूल करतो. फक्त “काय हो, जिवंत आहात का?” हे ज्या सुरात आलं, ते त्यात येणार नाही.

दोन्ही संच आज माझ्या टेबलावर शेजारी आहेत. दोन्ही एकदम लावले की डिजिटलचा आवाज किंचित मागून येतो, कारण त्याला मोजायला आणि गणिताला वेळ लागतो. जुना पुढे, नवा मागे. नात म्हणते तुमची जोडी जमली.

पण एवढ्या वर्षांत मला कळलेली गोष्ट वेगळीच आहे. मी चाळीस वर्षं चांगली चाळण शोधत राहिलो. आधी कॉइलची, मग गणिताची. खडा मात्र माझ्याच घरातून रोज धान्यात पडत होता. गुरुजींचा निरोप संचाच्या जुनेपणामुळे अडला नाही, मी घरातला एक प्लग काढून बघितला नाही म्हणून अडला. लिफ्टला पत्रं लिहिण्याआधी घरातला मेन स्विच बंद करून, बॅटरीवर संच लावून ऐकायला पाच मिनिटं लागली असती.

तेव्हा कमिटीची, तेव्हाच्या खजिनदारांची आणि लिफ्टची, सगळ्यांसमोर माफी मागतो. माझी ती दोन पत्रं सोसायटीच्या फाईलमध्ये असतील. ती फाडू नका, त्यांना हे भाषण टाचून ठेवा.

आणि तीन विनंत्या. एक, गच्चीवर सोलर बसवायचं ठरतंय. जरूर बसवा. पण इन्व्हर्टर घेताना रेडिओला त्रास होणार नाही अशी हमी ठेकेदाराकडून लेखी घ्या, आणि वायरी एकमेकींना चिकटून, कमीत कमी लांबीच्या ओढायला सांगा. बसवण्याआधी आणि नंतर मी मोजून देईन, फुकट. या वेळी आधी मोजणार, मग बोलणार. दोन, कुणाच्या घरी एखाद्या चार्जरमुळे एफएमवर खरखर येत असेल तर मला सांगा. वायरीवर बसवायचे फेराइटचे मणी माझ्याकडे डबाभर आहेत, एका मण्यातून तीन-चार वेढे घेतले की बराच फरक पडतो. तीन, माझ्या तारेवर चादरी घालू नका. वाळत नाहीत, आणि मला ओल्या चादरीतून गुरुजी ऐकावे लागतात.

गुरुजी आता ७६ वर्षांचे आहेत. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालाय, संचाचा नव्हे, त्यांचाच. त्यावर अजून कुठलं गणित निघालेलं नाही. रोज सकाळी सव्वासातला बी विंगला चौथ्या मजल्यावर दार उघडं असतं. मुलांना घेऊन या. एक कान जुन्या संचाला लावा, एक नव्याला. पहिला आवाज कुठून आला ते सांगणाऱ्याला सौ.च्या हातचा चहा.

आम्ही हॅम लोक बोलणं संपवताना ‘७३’ म्हणतो, म्हणजे शुभेच्छा. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांना, सगळ्यांना, ७३.

नमस्कार.